बीपी नॉर्मल, तरी दमछाक

आरोग्य शिबिरात डाउन सिंड्रोम असलेला तिशीचा माणूस आला की त्याच्या दंडाला पट्टा बांधतात, बोटाला सुई टोचून साखर बघतात. रक्तदाब बहुधा शंभर-साठच्या आसपास निघतो. "एकदम छान आहे, काही काळजी नको," असं म्हणून कागद हातात देतात आणि घरचे समाधानाने वाडीवर परततात. हे समाधान फसवं आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या प्रौढाच्या शरीरात जे बिघडतं ते खुर्चीवर बसलेलं असताना दिसतच नाही, ते दिसतं चढावर. आणि चढावर त्याच्याकडे बघणारं माणूस डॉक्टर नसतं, घाईत असलेला भाऊ किंवा शेजारी असतो. त्याला तो आळस वाटतो.

कर्जत-खालापूर पट्ट्यात हा गैरसमज महाग पडतो, कारण इथे चढ टळत नाही. एका अंगाला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या अंगाला भोर घाट, मधे उल्हास, पेज, पाताळगंगेची खोरी, आणि वाड्या बऱ्याचदा डोंगराच्या कुशीत. 19 जुलै 2023 च्या रात्री चौकजवळच्या इरशाळवाडीवर दरड कोसळली आणि बचाव पथकांना चिखलातून डोंगर चढून जावं लागलं, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राला कळलं की अशा वस्त्या अजून आहेत. तिथल्या माणसाला दवाखाना, रेशन, बँक, सगळ्यासाठी उतरावं लागतं आणि परत चढावं लागतं. ज्याला ते चढणं झेपत नाही तो हळूहळू उतरायचंच सोडून देतो.

21 व्या गुणसूत्राची तिसरी प्रत हे डाउन सिंड्रोमचं कारण, हे 1959 मध्ये पॅरिसमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं. बुद्धी, चेहरेपट्टी, जन्मजात हृदयदोष यांबद्दल त्यानंतर पुष्कळ लिहिलं गेलं. रक्ताभिसरणाबद्दल मात्र बराच काळ एक दिलासादायक समज होता. 1977 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा निबंध आला. डाउन सिंड्रोम असलेल्या मोजक्या व्यक्तींच्या शवविच्छेदनात रोहिण्यांमध्ये चरबीचे थर जवळपास नव्हते, असं त्यात नोंदवलं होतं. उच्च रक्तदाबही या लोकांत विरळाच. म्हणजे रक्तवाहिन्या स्वच्छ, दाब कमी, आणखी काय हवं? पण त्या कमी दाबामागे एक कमतरताही आहे आणि ती श्रमाच्या वेळी उघडी पडते.

आपण धावायला लागलो की आधी हृदयावरचा आवर सैल होतो, मग रक्तात ॲड्रेनलिन वर्गातली संप्रेरकं वाढतात, ठोके वाढतात. त्याच वेळी पोटाकडच्या आणि विश्रांतीत असलेल्या स्नायूंकडच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि रक्त राबणाऱ्या स्नायूंकडे वळतं. राजनाल्याच्या पाण्यावर उन्हाळी भात घेणाऱ्या कर्जतच्या शेतकऱ्याला हे लगेच समजेल. शेवटच्या शेतात पाणी पोचायचं तर वरून पाणी जास्त सोडावं लागतं आणि मधली दारं वेळेवर बंद व्हावी लागतात. डाउन सिंड्रोममध्ये दोन्हीकडे कसर राहते: ठोके पुरेसे वाढत नाहीत आणि मधली दारंही नीट मिटत नाहीत.

हे मोजतात कसं, ते पाहण्यासारखं आहे. माणसाला पाठीवर झोपवून त्याच्या हातात मुठीने दाबायचा एक दांडा देतात. आधी सगळा जोर लावून दाबायला सांगतात, मग त्या जोराचा ठरावीक हिस्सा धरून दाबत राहायचं. दंडातल्या रोहिणीवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवलेला असतो. एरवी काही सेकंदांतच पडद्यावर रक्ताचा ओघ वाढताना दिसतो, नाडी चढते, दाब चढतो. डाउन सिंड्रोम असलेल्या प्रौढांत हे सगळं होतं, पण मंद आणि अपुरं. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात बो फर्नहॉल, ट्रेसी बेनार्ड, थेसा हिल्गेनकांप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. ट्रेडमिलवर अगदी दमेपर्यंत चालवलं तरी या लोकांच्या रक्तात ती संप्रेरकं इतरांसारखी वाढत नाहीत, हेही त्यांनी दाखवलं. जन्मजात हृदयदोष नसलेल्यांतही हे आढळतं, म्हणून "त्याच्या हृदयाला भोक नव्हतं, मग दम कसला लागतो?" हा प्रश्न गैरलागू ठरतो.

आता थोडी आकडेमोड. शरीर पूर्ण जोर लावून दर मिनिटाला, दर किलो वजनामागे किती ऑक्सिजन वापरू शकतं यावरून दमाची कमाल मर्यादा मोजतात. व्यायाम न करणाऱ्या तिशीच्या सर्वसाधारण पुरुषात ती 35 ते 40 मिलिलिटर असते. डाउन सिंड्रोम असलेल्या प्रौढात साधारण 20 ते 25, म्हणजे साठीतल्या हृदयरोग्याच्या आसपास. सपाट रस्त्यावर बेताच्या चालीने चालायला 12 च्या आसपास लागतात. भावाला त्याच्या कुवतीच्या तिसऱ्या हिश्शात जे जमतं त्याला याची निम्मी कुवत खर्च होते. त्यात सांधे सैल, पाय सपाट, पावलं फाकलेली, त्यामुळे वेग वाढला की याला त्याच चालीसाठी इतरांपेक्षा जास्त इंधन लागतं. झपाझप जिना चढायला 30 च्या घरात ऑक्सिजन लागतो. तेवढा त्याच्याकडे नाहीच.

कर्जत स्टेशनवर पादचारी पुलाच्या मधल्या टप्प्यावर कठडा धरून उभा राहिलेला असा एखादा मोठा मुलगा दिसतो. "मुलगा" म्हणतो आपण, वय असतं बत्तीस-चौतीस. खाली खोपोलीची गाडी लागलेली, वडिलांच्या हातात पिशव्या, मागून लोंढा. "चल ना बाबा, चल, किती नाटकं!" तो ऐकत नाही, चक्क पायरीवर बसतो. लोक हसतात, कुणी चुकचुकतं, कुणी "देवाचं लेकरू" म्हणून पुढे जातं. वडिलांना वाटतं हट्ट. तो मात्र त्या क्षणी अगदी शहाणपणाची गोष्ट करत असतो, त्याला ती शब्दांत सांगता येत नाही एवढंच.

इथे पहिला धोका, सक्तीचा. खोपोलीपासून नेरळपर्यंत आता जिम झाल्या आहेत, मनगटावर नाडी दाखवणारी घड्याळं स्वस्त झाली आहेत. हौसेने मुलाला जिममध्ये घालणाऱ्या पालकांचं कौतुकच करायला हवं. पण भिंतीवरचा तक्ता 220 वजा वय असा चालतो. तिशीच्या माणसाला कमाल 190 ठोके, त्याच्या 70 ते 85 टक्के म्हणजे 133 ते 161. डाउन सिंड्रोम असलेल्या तिशीच्या माणसाची खरी कमाल मर्यादाच 160 च्या आसपास असते. तक्त्यावर जो व्यायामाचा वरचा पट्टा, ते त्याचं टोक. ट्रेनरला वाटतं याने अजून जोर लावलेला नाही, घड्याळही तेच सांगतं. शिवाय यांतल्या काहींना मानेचा धोका असतो. एक्स-रेमध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांतला सैलपणा 10 ते 20 टक्के जणांत दिसतो, त्रास मात्र एक-दोन टक्क्यांनाच होतो. पण तो त्रास म्हणजे मज्जारज्जूवर दाब. स्पेशल ऑलिंपिक्सने 1983 सालीच यावर नियम केले. आपल्याकडे मात्र योगवर्गात शीर्षासन, सर्वांगासन, हलासन सर्रास सांगतात आणि शाळेच्या मैदानावर कोलांट्या उड्याही होतात. चालीत नवा बदल दिसला, मान एका बाजूला कलू लागली, लघवीवरचा ताबा सुटू लागला, तर आसनं ताबडतोब थांबवून हाडांच्या डॉक्टरांकडे जायला हवं.

तरीही माझ्या मते सक्तीपेक्षा मोठा धोका दुसऱ्या टोकाला आहे, आणि तो प्रेमातून येतो. "त्याला झेपत नाही, राहू दे" हे वाक्य घरात एकदा रुळलं की ते दर वर्षी थोडं पुढे सरकतं. आधी शेतावर जाणं बंद होतं, मग बाजार, मग देवळापर्यंतची फेरी. आपल्या भागात जूनपासून चार महिने पावसाचे, रस्ता निसरडा, म्हणून तो ओटीवर बसतो. टीव्ही, चहा-बिस्किटं, येणाऱ्या-जाणाऱ्याने लाडाने आणलेला वडा. ऑक्टोबरात पाऊस उघडतो तेव्हा वजन चार-पाच किलोने वाढलेलं असतं आणि जूनमध्ये जमणारं अंतर आता जमत नाही. बिनकामाने कुणाचीही कुवत काही आठवड्यांत घसरते. पण 38 वरून 34 वर आलेल्या माणसाला ते जाणवतही नाही. 22 वरून 18 वर आलेल्याला अंगण आणि संडास यांतलं अंतरच मोठं वाटायला लागतं. मुळात थोडी असलेली पुंजी आपण अशी उधळतो, तीही काळजी घेतल्याच्या समाधानात. आधीच्या पिढीत निदान गुरांमागे जाणं, पाणी भरणं, गवताचे भारे आणणं ही कामं अशा मुलांच्याही वाट्याला येत. जमिनी विकल्या गेल्या, त्यांवर फार्महाऊस उठली, तसं ते कामही गेलं.

व्यायामाने हे बदलतं का? बारा आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, आठवड्यातून तीनदा, नेमाने चालणं, सायकल, पोहणं किंवा वजनं उचलणं करून घेतलेल्या छोट्या-छोट्या प्रयोगांत दम टिकण्याचा वेळ आणि झेपणारं काम वाढलेलं दिसतं, स्नायूंची ताकद वाढते. ऑक्सिजन वापराची कमाल मर्यादा दर वेळी वाढतेच असं नाही, आणि ठोक्यांची कमाल मर्यादा वाढवायला औषध नाही. म्हणजे छत फारसं उचलत नाही, पण छताखाली वावर वाढतो. रोजच्या जगण्याला तेवढा फरक पुरेसा आहे.

तिसरा धोका डॉक्टरांच्या खोलीतला. एकदा चेहऱ्यावरून डाउन सिंड्रोम ओळखला की पुढची प्रत्येक तक्रार त्याच्याच खात्यात टाकली जाते. सुस्त झाला? "या मुलांचं असंच असतं." पण सुस्तीची कारणं अनेक, आणि त्यातली बरीच इलाजाची. थायरॉईड मंदावणं यांच्यात इतकं आढळतं की वर्षातून एकदा टीएसएच तपासणं हा साधा नेम असायला हवा. निम्म्याहून अधिक प्रौढांना झोपेत श्वास अडण्याचा विकार असतो. रात्रभर घोरणारा, मान मागे टाकून किंवा बसून झोपणारा माणूस दिवसा पेंगणारच. चाळिशीनंतर अल्झायमर लवकर गाठतो, तेव्हा मंदावलेली चाल हे त्याचंही पहिलं चिन्ह असू शकतं. आणि हृदय. जन्मतः निम्म्याच्या जवळपास मुलांना हृदयदोष असतो. 1980-90 च्या दशकांत आपल्याकडच्या वाड्यावस्त्यांवर जन्मलेल्या किती मुलांचं ऑपरेशन झालं असेल? मोठा दोष असलेली बरीचशी वाचलीच नसणार. जी वाचली त्यांच्यातल्या काहींच्या फुप्फुसांतला दाब वाढत जाऊन शेवटी अशुद्ध रक्त उलट शुद्ध रक्तात मिसळू लागतं. ओठ निळसर, नखं फुगीर, जरा चाललं की काळवंडणं. अशा माणसाला "चाल, व्यायाम कर" हा सल्ला जिवावर बेतू शकतो. लहानपणी हृदय ठणठणीत होतं, तरी मोठेपणी झडप ढिली पडते किंवा तिच्यातून रक्त मागे गळू लागतं. म्हणून प्रौढपणी निदान एकदा टूडी इको झाल्याशिवाय व्यायामाचं नाव काढू नये, असं मी म्हणेन. दम लागतो हे ऐकून फक्त ईसीजी काढणं पुरेसं नाही. तोही पडल्या-पडल्याच काढतात.

इथे सरकारी व्यवस्थेचा धागा कुठे तुटतो ते स्पष्ट दिसतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 रोजी सुरू झाला तो आपल्याच पालघरात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात. त्याच्या यादीत डाउन सिंड्रोम आहे, जन्मजात हृदयदोष आहे. पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात. कार्यक्रम चांगला आहे, पण त्याची मुदत अठराव्या वर्षी संपते. आणि जो 1990 साली जन्मला तो हा कार्यक्रम सुरू होण्याआधीच मोठा झाला होता. अठरानंतर उरतं दिव्यांग प्रमाणपत्र. त्यासाठी कर्जतच्या माणसाची अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाची खेप होते, खोपोली-पेण करत अख्खा दिवस जातो. त्या कागदावर बौद्धिक दिव्यांगत्वाची टक्केवारी असते. त्याच दिवशी, त्याच इमारतीत इको आणि थायरॉईडची तपासणी उरकता आली तर? दोन्ही कामं एका खेपेत व्हावीत एवढी साधी सोय प्रशासनाला अशक्य नाही. राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य खर्च उचलते, बाह्यरुग्ण तपासण्याही तीत बसतात, पण तिची माहिती नसलेली घरं आपल्याकडे ढिगाने सापडतील.

पालकांनी आपापल्या परीने वाट काढली आहेच. कर्जतहून निघालेली लोकल जिथे थांबते त्या बदलापूरला "आधार" आहे, डोंबिवलीजवळ खोणी गावात अमेय पालक संघटनेचं "घरकुल" आहे. दोन्ही मतिमंद मुलांच्या पालकांनी उभी केली, "आमच्यानंतर काय?" या एकाच प्रश्नातून. या मुलांना आता दीर्घ आयुष्य मिळतं म्हणून तो प्रश्न एवढा टोकदार झाला आहे. अमेरिकेत डाउन सिंड्रोम असलेल्यांचं मृत्यूसमयीचं मध्यम वय 1983 मध्ये 25 होतं, 1997 मध्ये ते 49 वर गेलं. आज ते साठीकडे आहे. आपल्याकडेही पन्नाशीची "मुलं" आणि ऐंशीचे आई-वडील अशा जोड्या दिसू लागल्या आहेत.

2014 साली "येलो" हा मराठी चित्रपट आला. पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ, जिला डाउन सिंड्रोम आहे, तिच्याच आयुष्यावर तो बेतलेला होता, त्यात तिने स्वतः काम केलं आणि राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. चित्रपट पाहून अनेकांना उमेद आली, आणि ते योग्यच. पण असल्या यशाचा उलटा वापरही लवकर सुरू होतो: "ती पोहते, मग आपला का नाही?" ती पोहते यामागे वर्षानुवर्षं पाण्यात उतरवणारी आई आहे, तलाव आहे, प्रशिक्षक आहे. कर्जत-खालापुरात नद्या चार, पण प्रशिक्षकासह वर्षभर चालणारा तलाव जवळ असलेली घरं किती? आपल्याकडच्या आईने गौरीशी तुलना करण्याऐवजी मुलाची तुलना त्याच्याशीच करावी, गेल्या दिवाळीतल्या त्याच्याशी.

अशा तुलनेला यंत्रसामग्री लागत नाही. सहा मिनिटांत माणूस सपाटीवर किती चालतो ही जुनी, साधी चाचणी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा किंवा देवळाचा सभामंडप चालतो, म्हणजे पावसाळ्यातही अडत नाही. मापलेली लांबी, घड्याळ, आणि कोविडात घराघरांत पोचलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. डाउन सिंड्रोममध्ये या चाचणीचा आकडा सांभाळूनच वाचावा लागतो. सूचना किती समजली, मूड कसा होता, बरोबर चालणारा आवडीचा होता का, यावर पन्नास-शंभर मीटर सहज इकडे-तिकडे होतात. म्हणून तक्त्याशी जुळवण्यात अर्थ नाही, त्याच माणसाने त्याच जागी, त्याच सोबत्याबरोबर दर तीन महिन्यांनी चालावं. अंतर अचानक घटलं, किंवा चालताना ऑक्सिजन नव्वदच्या खाली उतरला, तर ते आळसाचं लक्षण नव्हे, तपासणीचं कारण आहे. कशेळे, चौक, कर्जत इथल्या सरकारी रुग्णालयांतल्या डॉक्टरांना असा कागद समोर आला तर पुढे पाठवायला आधार मिळतो. नुसतं "दम लागतो साहेब" यावर तो मिळत नाही.

आणि उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये घाटाखालचा हा पट्टा भाजून निघतो, हवेत दमटपणा असतो. अशा वेळी कातडीला थंडाव्यासाठी रक्त हवं असतं आणि स्नायूंनाही. रक्त वाटून देण्याची यंत्रणा मुळातच मंद असलेल्या माणसाला त्यात चक्कर येणं स्वाभाविक आहे, असं माझं अनुमान आहे. त्यामुळे लग्नसराईतल्या दुपारच्या वरातीत "नाच रे, नाच रे" करून त्याला मध्ये ओढणाऱ्या उत्साही मामा-काकांना कुणीतरी थांबवायला हवं. नाचू द्यावा, संध्याकाळी, आणि तो थांबला की थांबू द्यावा.

हे सगळं आज एकट्या आईला माहीत असतं. तो कुठल्या पायरीवर थांबतो, किती वेळाने पुन्हा उठतो, गेल्या वर्षी गणपतीला वरद विनायकाला महडपर्यंत चालत आला होता की रिक्षाने, रात्री किती उशा लागतात. तिचं वय पासष्ट-सत्तर. पुढे सांभाळणार तो पनवेलला किंवा कल्याणला राहणारा भाऊ, ज्याला यातलं काहीच ठाऊक नाही आणि ज्याच्या इमारतीला कदाचित लिफ्ट नाही. कायदेशीर पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे करताना घरात जमीन, पेन्शन, खातं यांची चर्चा होते. त्याच बैठकीत एक दोनशे पानी वही काढावी: इकोचा अहवाल, टीएसएचचे आकडे तारखांसह, मानेचा एक्स-रे झाला का, सहा मिनिटांची अंतरं, वजन, चालू गोळ्या, आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात, किती जिने तो न थांबता चढतो.